सहा नंबरचं कपाट

एजन्सीच्या फॉर्मवर आवडीनिवडींसाठी दीड ओळ होती.
आईला म्हटलं, सांग.
ती म्हणाली, लिही:
वरण कढत नको, कोमट नको, त्याच्या मधलं.
डाव्या कानानं ऐकू येत नाही, पण तो तसं दाखवत नाही.
दाढी करताना हनुवटी शेवटी.
जिरावण पोह्यांवर नको, बशीच्या कडेला,
बोट लावून तो स्वतः घेतो.
शब्द सतरा-अठरा आहेत,
घाई केलीत तर एकही नाही.
मी समासात लिहीत गेले, मग पाठीमागे,
मग विजेच्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर.
एक्कावन्न वर्षं,
आणि आजवर कागदावर एक अक्षर नव्हतं.

अकरा दिवसांची रजा काढून मी इंदूरला आले होते.
निवडायचं काम माझ्याकडे,
कारण करायचं काम कधीच माझ्याकडे नव्हतं.

पहिला आला तो आधी चोवीस तासांचा दर बोलला,
मग बारा तासांचा,
मग त्यानं शिरीषकडे पाहिलं.
दुसऱ्या लीलाम्मा सिस्टर, मोठ्या दवाखान्यातून निवृत्त.
नाडी पाहिली, नखं पाहिली, म्हणाल्या, "बेबी, मुँह खोलो."
शिरीषच्या मिशा पांढऱ्या झाल्यात.
तिसरा गेंदालाल, सांवेरचा.
डावीकडे बसून दोनदा बोलला, उत्तर आलं नाही,
स्टूल उचलून उजवीकडे गेला.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
आईनं ते पाहिलं,
आणि तरी म्हणाली, याचे हात फार मोठे आहेत.

साडेसातला कचऱ्याची गाडी गाणं वाजवत
लोकमान्यनगरात वळते, तेव्हा आई त्याला आंघोळ घालत असते.
उठताना आता नळाला धरते. नळ हलतो.
ओला, सुका, आणि डायपरचा वेगळा,
मी डबे खाली नेते.
गाडीवाला विचारतो, "माँजी बीमार हैं क्या?"
नाही, मी आलेय.

राऊच्या पुढचं ते घर आम्ही नुसतं पाहायला गेलो.
आठ जण, फाटकावर गिलक्याचा वेल.
आईनं संडास पाहिले, गाद्या हुंगल्या,
पातेल्यातलं वरण चाखलं. कढत.
मी प्रश्न लिहून नेले होते:
रात्री कोण जागं असतं, डॉक्टर किती लांब.
शेवटचा "आई नसल्यावर" असा सुरू होत होता,
तो मी वाचलाच नाही.
तिथल्या अळतेकरबाईंनी मात्र मला नाही,
शिरीषला विचारलं,
"तुमचं कपाट बघता का?"
त्याला कुणी अहो म्हटलेलं
मी पहिल्यांदा ऐकलं.

सहा नंबर. लोखंडी, हिरवं.
त्यानं किल्ली फिरवली. आत काही नव्हतं.
बंद केलं. उघडलं.
बंद केलं.
आमचे चहा निवले. बाई त्याच्याजवळ उभ्याच.
निघताना त्यानं मूठ सोडली नाही.
बाई म्हणाल्या, "राहू द्या, माझ्याकडे दुसरी आहे."

रिक्षात आई म्हणाली, आपल्या घरी कपाट नाही का?
आहे.
त्याची किल्ली तिच्या कमरेला असते.

चार दिवस राऊचं नाव कुणी काढलं नाही.
गेंदालालला मी फोन लावला
आणि पहिल्या रिंगला कापला.
नवव्या दिवशी आईनं पायजमा भिजवायला घेतला,
खिसा चाचपला.
किल्ली काढून ओट्यावर ठेवली, हात पुसले.
मला वाटलं, आता ही तिच्या जुडग्यात जाणार.
तिनं फाटक्या पायजम्याची नाडी ओढून काढली,
किल्ली ओवली,
दोन गाठी मारल्या, दातांनी आवळल्या.
"गळ्यात नको, बोकडासारखं दिसतं.
कमरेला बांध त्याच्या.
आणि तिथे त्यांना सांग, वरण..."

लिहिलंय ना आई, मी म्हटलं, सगळं लिहिलंय.

ती थांबली.
मग म्हणाली, नको, तो कागद राहू दे.
त्याचं तो सांगेल.